हक्क की मेहेरबानी?

माणसाची नोकरी गेली म्हणजे त्याच्या घरात उभा राहणारा प्रश्न अगदी साधा असतो. पुढच्या महिन्याचे भाडे, मुलांची फी आणि वाण्याची उधारी कशातून भागवावयाची? सरकारदरबारी मात्र त्याला निराळाच प्रश्न विचारण्यात येतो. तुम्ही बेकार आहात काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. तुम्ही बेकार कसे झालात, आणि ते कागदावर कोणत्या शब्दांत नमूद आहे, याची तेथे चौकशी होते. एकाच दिवशी, एकाच दारातून बाहेर पडलेल्या दोघा कामगारांपैकी एकास दोन वर्षे भत्ता मिळावा आणि दुसऱ्यास एक छदामही मिळू नये, हे आपल्या देशात अशक्य नाही. पहिल्याच्या कागदावर ‘कपात’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्याच्या कागदावर ‘राजीनामा’ असे असते, एवढाच त्या दोघांतील फरक.

या प्रश्नाकडे आज वळण्याचे कारण असे की दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अंमलात आल्या. एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली, आणि त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले. कामाचे तास, नेमणूकपत्र, ग्रॅच्युइटी, संपाची नोटीस, मालकांना मिळालेली सूट, अशा अनेक बाबींचा त्यात ऊहापोह झाला. परंतु सामाजिक सुरक्षा संहितेतील एका विसंगतीकडे जावे तितके लक्ष गेलेले आम्हांस दिसले नाही. सामाजिक सुरक्षा म्हणजे काय, याची व्याख्या या संहितेने दिली आहे, व त्या व्याख्येत वार्धक्य, आजार, अपंगत्व, कामावरील इजा, बाळंतपण यांच्या बरोबरीने बेकारीचाही स्पष्ट उल्लेख आहे. वाचणाऱ्यास वाटावे की चला, सुटलो एकदाचे! पण पुढे विमाधारक कामगाराला कोणकोणते लाभ मिळावयाचे त्याची यादी येते. आजारभत्ता, प्रसूतिलाभ, अपंगत्वाचा लाभ, आश्रितांचा लाभ, औषधोपचार आणि अंत्यविधीचा खर्च, एवढीच ती यादी आहे. बेकारीचे नाव तीत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपल्याकडे म्हणतात. येथे आडात पाणी असल्याचे जाहीर झाले आहे, परंतु पोहरा सोडण्याची तजवीज मात्र कोणी केलेली नाही.

अर्थात ही चूक आजची नव्हे. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. पण ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत पडल्यामुळे त्याच्या आधारे कोणास कोर्टाची पायरी चढता येत नाही. ब्रिटनने १९११ सालीच काही उद्योगांतील कामगारांना सक्तीचा बेकारी विमा लागू केला होता. आपल्याकडे प्रा. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला, त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा जन्मास आला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. त्या कायद्यातही बेकारीचा लाभ नव्हता. देश दरिद्री, उद्योग थोडे, आणि कामाच्या शोधात असलेली माणसे अगणित. तेव्हा बेकारीचा विमा उतरविण्याची छाती त्या वेळी झाली नाही, यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल याचे की तेव्हाची अडचण पाऊणशे वर्षांनंतरही सबब म्हणून चालते.

बेकारीचा भत्ता म्हणजे काय असतो हे या मुंबई शहराला मुद्दाम समजावून सांगावयाची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यांपैकी असंख्य पुन्हा कधी गिरणीच्या फाटकातून आत गेलेच नाहीत. केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी निर्माण केला तो १९८६ साली. गिरणी कायमची बंद पडल्यास कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के द्यावयाचे, अशी ती योजना होती. कागदावर तिच्यात उदारपणाची वाण नव्हती. पण ‘कायमची बंद’ या दोन शब्दांत सारी मेख होती. धुराडे थंड पडले, भोंगा वाजेनासा झाला, पगाराची खिडकी उघडेनाशी झाली, तरी सरकारच्या लेखी गिरणी बंद झालेली असेलच असे नाही. ती आजारी असते, तिचा विचार कोणत्या तरी मंडळापुढे चालू असतो, तिच्या जमिनीचे काय करावयाचे ते ठरावयाचे असते. गिरणगावातील कित्येक कुटुंबांनी या ‘चालूही नाही आणि बंदही नाही’ अशा अवस्थेत वर्षेच्या वर्षे काढली. पात्रतेच्या एका शब्दाची किंमत किती असते, ती त्यांना विचारावी.

आज कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या छत्राखाली बेकारीसाठी ज्या दोन योजना पुढे आल्या, त्यांतही हीच मेख आहे. पहिली राजीव गांधी यांच्या नावाची, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडल्यामुळे, रीतसर कामगारकपात झाल्यामुळे किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आल्यामुळे ज्याची नोकरी गेली, त्याच्यासाठी ती आहे. तिची मुदत आरंभी सहा महिन्यांची होती. पुढे ती वाढत जाऊन दोन वर्षांपर्यंत पोहोचली. दुसरी अटलजींच्या नावाची, १ जुलै २०१८ पासूनची. ती दोन वर्षांच्या प्रयोगासाठी म्हणून सुरू झाली आणि तिची मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. तीन महिने बेकारीत काढल्यानंतर, साऱ्या हयातीत मिळून जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तोही सरासरी रोजच्या वेतनाच्या चौथा हिस्सा, असे तिचे मूळ स्वरूप होते. करोनाच्या टाळेबंदीने लाखो माणसे रस्त्यावर आली, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये हा दर ५० टक्क्यांवर नेण्यात आला, आणि तीन महिन्यांऐवजी तीस दिवसांनंतर पैसे देण्याचे ठरले.

थोडा ढोबळ हिशेब करू. १ जानेवारी २०१७ पासून या विम्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली. त्या मर्यादेवर असलेल्या कामगाराचे रोजचे वेतन ७०० रुपये धरले तर मूळ दराने त्यास दिवसाला १७५ रुपये, म्हणजे ९० दिवसांचे १५,७५० रुपये मिळाले असते. वाढीव दराने ३१,५०० मिळतात. जुलै २०१९ पासूनच्या दरांनुसार याच कामगाराच्या नावे मालकाचे सव्वातीन टक्के आणि त्याचे स्वतःचे पाऊण टक्का मिळून दरमहा ८४० रुपये महामंडळाकडे जमा होतात. ती रक्कम मुख्यतः औषधोपचारासाठी आहे हे खरे. तरीही ३१,५०० रुपये ही कोणाच्या दातृत्वाची देणगी नव्हे, वर्गणीदाराने आधीच अंशतः भरलेली किंमत आहे, हे विसरता येत नाही.

रकमेपेक्षा अटी अधिक बोलक्या आहेत. वर्गणीचे वर्ष दोन भागांत मोडते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मूळ योजनेत लागोपाठ चार सहामाह्यांत, प्रत्येकीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असणे आवश्यक होते. २०२० साली ही अट सैल झाली. बेकारीच्या लगतच्या सहामाहीत ७८ दिवस आणि उरलेल्या तिघींपैकी कोणत्याही एकीत ७८ दिवस, एवढे पुरेसे ठरले. ७८ हा आकडा कायम नोकरीत असलेल्याला क्षुल्लक वाटेल. पण जो माणूस कंत्राटदाराच्या हाताखाली चार महिने एका कारखान्यात आणि दोन महिने दुसऱ्या गोदामात राबतो, ज्याचा कंत्राटदार पगारातून वर्गणी कापतो आणि पुढे भरतो की नाही हे देवाला ठाऊक, त्याचा ७८ वा दिवस वहीत चढलेला नसला तर दोष कोणाचा? आणि त्याची शिक्षा कोणी भोगावयाची?

यानंतर येते अपात्रतेची यादी. बेकायदा ठरलेला संप, मालकाने केलेली टाळेबंदी, स्वेच्छेने सोडलेली नोकरी, स्वेच्छानिवृत्ती, शिस्तभंगासाठी झालेली बडतर्फी. या साऱ्यांना ही मदत नाही. टाळेबंदी मालक करतो आणि भत्ता कामगाराचा बुडतो, हा न्याय आम्हांस तरी उमगलेला नाही. ‘स्वेच्छेने’ या शब्दाचा अर्थ तर आपल्या कारखान्यांत व कचेऱ्यांत काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. व्यवस्थापक खोलीत बोलावतो, टेबलावर टाइप केलेला कागद असतो, सही केली तर मागील पगार आज मिळेल, न केली तर चौकशी बसेल, असे गोड शब्दांत सांगितले जाते. त्या सहीला कायदा स्वेच्छा म्हणतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले संगणकाच्या कंपन्यांत आहेत त्यांनी हा प्रसंग घरी ऐकलेला असेल; फरक इतकाच की त्या मुलांचा पगार २१,००० च्या वर असल्यामुळे त्यांना या योजनेचा उंबरठाही दिसत नाही. मध्यमवर्गाला आजवर हा प्रश्न परक्याचा वाटत आला. तो तसा राहिलेला नाही.

नव्या औद्योगिक संबंध संहितेने यात आणखी भर घातली आहे. ठराविक मुदतीच्या नेमणुकांना तिने राजमार्ग करून दिला, आणि मुदत संपल्यामुळे गेलेली नोकरी ही कपात नव्हे असेही लिहून ठेवले. कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. कपात झालेल्यास नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मिळेल अशी तरतूद आहे, व ती स्वागतार्ह आहे. पण पंधरा दिवसांत कोणते कौशल्य येते ते तज्ज्ञांनीच सांगावे. उद्योगधंद्यांना माणसे सहज घेता आणि सहज सोडता यावीत, हे धोरण चुकीचेच आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या युरोपीय देशांचे दाखले त्यासाठी दिले जातात, त्यांनी सोडणे सोपे करताना सुटलेल्याच्या पोटाची जबाबदारी राज्याने घ्यावी अशीही व्यवस्था केली. आपण दाखल्यातील अर्धेच वाक्य वाचले.

पात्रतेनंतर अर्जाची वाट. मूळ योजनेत ती मालकाच्या दारातून जात होती. ज्याने काढून टाकले त्यानेच दाखला द्यावयाचा! २०२० साली कामगाराने थेट महामंडळाकडे अर्ज करावा अशी सुधारणा झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्राची अटही गेली. या सुधारणा करणाऱ्यांना आम्ही मनापासून धन्यवाद देतो. परंतु नोकरी सुटल्याचे कारण अद्यापि मालकाने भरलेल्या नोंदीवरूनच ताडले जाते, आणि आधारपत्रिकेवरील नाव, बँकेतील नाव व विमा क्रमांकावरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला तरी माणूस अडतो. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या लहरीवर. तेव्हा असा फरक न निघणे हाच चमत्कार म्हणावयाचा.

आणि अर्ज नाकारला गेला तर? आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. विमा लाभांविषयीचे तंटे ऐकण्यासाठी १९४८ च्या कायद्याने कर्मचारी विमा न्यायालये निर्माण केली, नव्या संहितेनेही ती राखली, आणि त्यांच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील आहे. पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच. ज्याला ९० दिवसांचे ३१,५०० रुपये मिळावयाचे त्याने वकील लावून वर्ष दोन वर्षे दिवाणी पद्धतीचा दावा चालवावा, ही कल्पना करणाऱ्याच्या विनोदबुद्धीचे कौतुकच केले पाहिजे. त्यातही बेकारीचा लाभ कायद्याच्या यादीत नसून केवळ योजनेत असल्यामुळे, हा हक्क नव्हे, ही कल्याणकारी मदत आहे, असा बचाव घेण्यास प्रतिपक्षाला जागा राहतेच.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला पाहण्यासारखा आहे; अमेरिका काही कामगारांचे माहेरघर नव्हे, म्हणून तर अधिकच. तेथे बेकारीचा विमा प्रत्येक घटकराज्याचा वेगळा आहे. पण १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने सर्व राज्यांवर दोन बंधने घातली. भत्ता देय होताच दिला गेला पाहिजे, आणि ज्याचा अर्ज फेटाळला त्यास निःपक्षपाती न्यायासनापुढे सुनावणी मिळाली पाहिजे. अपिलाची मुदत राज्याराज्यांत वेगळी आहे. टेक्सासमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात ३०. सुनावणी बहुधा दूरध्वनीवरच होते, वकिलाची सक्ती नाही, आणि मालकाने कामावरून काढण्याचे जे कारण लिहिले असेल ते त्याला तेथे शाबीत करावे लागते. कॅलिफोर्नियात एकदा अशी वहिवाट पडली होती की भत्ता मंजूर झाल्यावर मालकाने अपील केले म्हणजे निकालापर्यंत पैसे थांबवावयाचे. १९७१ साली जावा खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही वहिवाट मोडून काढली. बेकाराला पैसा लागतो तो बेकारीच्या दिवसांत, खटला जिंकल्याच्या दिवशी नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याआधी १९६३ साली दक्षिण कॅरोलायनातील एका गिरणी कामगार स्त्रीचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला होता. शनिवार तिच्या पंथाचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काम करण्यास नकार दिल्यामुळे तिची नोकरी गेली, आणि योग्य काम नाकारले म्हणून भत्ताही नाकारण्यात आला. न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. एका गिरणीतील स्त्रीचा आठवड्याच्या भत्त्याचा तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोहोचू शकला, कारण पहिल्या पायरीवर तिला लेखी निर्णय आणि अपिलाची वाट मिळालेली होती.

तेथे सारे आलबेल आहे असा गैरसमज आम्ही पसरवू इच्छीत नाही. मालकाच्या कामगारांनी जितके जास्त दावे करावेत तितका त्याचा कर वाढतो, म्हणून मालक साध्या दाव्यांनाही हरकत घेतात. मिशिगन राज्याने २०१३ ते २०१५ या काळात दाव्यांची छाननी एका संगणकावर सोपविली, आणि त्या यंत्राने सुमारे ४०,००० नागरिकांना लबाड ठरविले. फेरतपासणीत त्यांतील बहुतेक ठपके खोटे निघाले; मधल्या काळात लोकांच्या पगारांवर व करपरताव्यांवर जप्ती आलेली होती. आधार क्रमांक जुळला नाही म्हणून अर्ज आपोआप परत फिरविणाऱ्या आपल्या यंत्रणेने हे प्रकरण अभ्यासावे, अशी आमची सूचना आहे.

आपल्याकडेही असा अनुभव फार लांब शोधावा लागत नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता, असे त्यात होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तोच विचार उचलून पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि त्यानंतर निम्मा हिस्सा देण्याची तरतूद केली. कायद्याचे शब्द उत्तम होते. भत्ता मात्र अपवादानेच कोणाच्या हाती पडला. कारण असे की मजुराने काम मागितले याचा पुरावा म्हणजे तारखेची पोच, आणि ती पोच देणारी कचेरी तीच, जिच्या सरकारला नंतर भत्ता द्यावा लागला असता. कारकुनाने पोच दिलीच नाही. मागणी नाही, म्हणून बेकारी नाही, म्हणून भत्ता नाही. एका छापील चिठोऱ्याअभावी कायद्याचा हक्क खिडकीपाशीच विरून गेला.

भत्ता सैल हाताने वाटला तर लोक आळशी होतील आणि खोटे दावे बोकाळतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. खोटे दावे सर्व देशांत होतात. पण अर्ध्या पगारावर, साऱ्या जन्मात तीन महिने, कोण आळशी होऊन बसणार आहे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देशातील बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत, त्यांना वर्गणीही नाही आणि विमाही नाही. मग संघटित थोड्यांचे आणखी लाड कशाला? आम्ही असे विचारतो की ज्यांची वर्गणी नियमाने जमा होते, ज्यांचे नाव व दिवस वहीत आहेत, त्यांनाच जर राज्य नोकरी गेल्याचा हक्क नीट देऊ शकत नसेल, तर ज्यांचे नावही कोठे नोंदलेले नाही त्यांना ते उद्या काय देणार?

तेव्हा आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. संहितेतील लाभांच्या यादीत बेकारीचा समावेश व्हावा, म्हणजे मुदतवाढीच्या परिपत्रकावर लोकांचे पोट अवलंबून राहणार नाही. अर्ज येताच तारखेची पोच, ठराविक दिवसांत लेखी व सकारण निर्णय, आणि त्याच कागदावर अपील कोठे व किती दिवसांत करावयाचे ते मराठीत छापलेले असावे. राजीनामा खुशीचा होता की लादलेला, हे तपासण्याचा अधिकार महामंडळाबाहेरच्या एखाद्या न्यायाधिकाऱ्यास असावा, आणि त्याच्यापुढे वकिलावाचून उभे राहता यावे. मालकाने वर्गणी कापून भरली नसेल तर ते दिवस कामगाराच्या खाती धरून वसुली मालकाकडून व्हावी. यांपैकी पोच आणि सकारण लेखी निर्णय या दोन गोष्टींना तर संसदेचीही गरज नाही. महामंडळाने उद्या एक परिपत्रक काढले तरी परवापासून शाखा कचेऱ्यांच्या खिडक्यांवर त्या सुरू होऊ शकतात.